घुमणाऱ्या घरातली लोकर

बिदरकडच्या मंठाळमध्ये आमचं स्लॅबचं घर उभं राहिलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद माझ्या सासऱ्यांना झाला होता. सगळं आयुष्य त्यांनी मेंढरांमागे, दुसऱ्यांच्या रानात मुक्काम करत काढलेलं. आता गुडघ्यांमुळे कळप कमी केला होता. घरामागे थोडी मेंढरं उरली होती, आणि ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं.

कलबुर्गीला नेऊन आम्ही त्यांना कानाचं मशीन बसवून आणलं. घरी आल्यावर मी हौसेनं चहा आणला आणि स्टीलची ताटली फरशीवर ठेवली. मामांनी दोन्ही हातांनी कान दाबून धरले. नव्या दिवाणखान्यात ना सामान होतं ना पडदे. एक शब्द बोलला की चारही भिंती तो परत फेकत. दोन दिवसांत त्यांनी मशीन डबीत घालून ठेवलं.

"कामून काढलात, मामा?" मी हातवारे करून विचारलं.

"माणूस बोलायलंय का भांडं पडायलंय, कायबी उमगंना, पोरी," ते म्हणाले आणि मेंढरांच्या वाड्याकडे निघून गेले. त्यानंतर जेवणसुद्धा तिकडेच मागवू लागले. माझी मुलगी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. तिचा आवाज त्यांनी नीट ऐकलाच नव्हता. ती ताटापाशी बसून त्यांच्याशी बोलत राहायची आणि ते नुसते हसून मान हलवायचे.

एकदा माळ्यावरच्या जुन्या घोंगड्या मी ऊन दाखवायला काढल्या. अंगणात गवंडी सिमेंट कालवत होता, म्हणून खिडक्या उघडून त्या दिवाणखान्यातच भिंतीच्या खिळ्यांवर टांगल्या. मामा तंबाखू न्यायला आत आले. माझ्या नवऱ्यानं त्या सकाळी मशीनमध्ये नवा सेल घालून ते बळंच त्यांच्या कानात बसवलं होतं. ते दारातच थांबले. टाळी वाजवून बघितली. पुन्हा वाजवली. आवाज घोंगड्यांतच जिरला, घुमला नाही. मग हळूच खाली बसले.

मुलगी धावत आली. "आज्जा, मेंढीला नाव असतंय का?"

"असतंय की!" मामा म्हणाले. "एकीचं नाव चांदी हाय. कपाळावर पांढरं हाय ना तिच्या."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पदर तोंडात धरून रडले. त्या दिवशी ते आमच्या पंगतीला जेवले.

पण घोंगड्या भिंतीवर राहणार कशा? नवरा म्हणाला, "पाहुणे येतील तर म्हणतील, घोंगड्यांचं दुकान टाकलंय." त्याचंही खरं होतं. मी चिटगुप्प्याच्या शिंप्याची लेक. ब्लाउज शिवणं, तुरपाई, काजं, एवढंच मला येत होतं. तरी वाटलं, लोकरीचंच असं काही करू की भिंतीवर बघावंसं वाटेल.

मामांना लोकर मागितली. गावात घोंगड्या विणणारं कुणी राहिलं नव्हतं, त्यामुळे कातरलेली लोकर उकिरड्यावर जात होती. त्यांनी कुठून तरी चाती शोधून आणली. मांडीवर चाती फिरवून सूत काढायचं त्यांनीच मला शिकवलं. माझं पहिलं सूत बघून म्हणाले, "हे सूत हाय का अळी?"

मला मात्र ते गाठाळ सूतच आवडलं. सुताराकडे उरलेल्या लाकडांची चौकट करून घेतली, तिच्यावर सुती दोऱ्याचे ताणे ओढले आणि हातानंच लोकर भरत गेले. खाली काळी, वर तपकिरी, मध्ये कुठे पांढऱ्याचे लांब झुपके मोकळे सोडलेले. नक्षी अशी ठरवली नव्हती. मामा शेजारी बसून बघत आणि हात फिरवून सांगत, "हे वरचं डोंगराकडचं रान झालं. हितं जरा गवत पायजे." मी तिथं झुपके वाढवी.

ते पहिलं काम आम्ही थाटात टांगलं, आणि पावसाळ्यानंतर बघते तर मागून कसर लागलेली. हात लावला की लोकर गळून पडे. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. वाटलं, शिंप्याच्या लेकीनं शिलाईचं मशीनच चालवावं, ह्या भानगडीत पडू नये.

"लोकर हाय ती," मामा म्हणाले. "खाणारं बी कोणतरी असणारच. तू मळकी लोकर भरलीस. ऊठ, रिठे भिजव."

मग आम्ही दोघांनी अंगणात घमेली मांडली. लोकर रिठ्याच्या पाण्यात धुवायची, कडक उन्हात सुकवायची, कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची. दुसरं काम पहिल्यापेक्षा मोठं झालं.

कानाच्या मशीनच्या तपासणीला गेलो तेव्हा मामांनी डॉक्टरीणबाईंना माझ्या फोनमधला त्या दुसऱ्या कामाचा फोटो दाखवला. बाई बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "आमचीही बसायची खोली फार घुमते. मला एक करून द्याल?"

घरच्यांपलीकडे कुणी मागितलेलं ते माझं पहिलं काम. ते पोचवायला मामा हट्टानं बसमधून आले, गुंडाळी मांडीवर धरून. कंडक्टर कन्नडमध्ये म्हणाला, सतरंजी वर ठेवा. मामांनीही कन्नडमध्येच ठणकावलं, "सतरंजी नाही. सुनेनं केलेलं चित्र आहे."

आता बिदर, सोलापूर, बेंगळुरूकडूनही मागणी येते. शेजारच्या दोघी माझ्याबरोबर सूत काढतात. गेल्या आठवड्यात मामा सकाळीच कुठे तरी गेले आणि दुपारी काखेत एक कोकरू घेऊन आले. लालसर, थेट आमच्या बिदरच्या मातीच्या रंगाचं.

"हे कशाला, मामा? ह्या गुडघ्यांनी आणखी राखायचं?"

"तुला तांबडी लोकर कमी पडायलीय," ते म्हणाले आणि कोकरू माझ्या हातात दिलं.