सोमाजी गार्डची मधली भिंत

सोमाजी नाकतोडे पहिल्यांदा आमच्या लेआउटवर आले, तेव्हा घरात पाय ठेवायच्या आधी त्यांनी घराभोवती एक चक्कर मारली. मग दुसरी. मग मागच्या बाजूला उकिडवे बसून मातीत काहीतरी बघत राहिले. ब्रह्मपुरीत आरमोरी रोडवरची रो-हाऊसं गिऱ्हाइकांना दाखवणं हे माझं काम. चार वर्षांत मी दिशा बघणारे बघितले, नळाचं पाणी चाखणारे बघितले, भिंतीला कान लावून शेजारी ऐकणारेही बघितले. पण घराचा माग काढणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

"काय पाहून राह्यले, भाऊ?"

"रानडुक्कर येते इथी," ते म्हणाले. "कालच येऊन गेलं. आन् तुमी बोर्डावर लिवलं, फॅमिलीसाठी उत्तम."

"त्याचीही फॅमिली असन ना, भाऊ."

ते हसले नाहीत. त्यांच्या मागे उभी असलेली बाई मात्र पदर तोंडाला लावून हसली. त्या भागीरथाबाई, त्यांची बायको.

सोमाजी जंगलखात्यात वनरक्षक. लोकांच्या भाषेत गार्ड. एकतीस वर्षांची नोकरी, सगळी गडचिरोलीच्या जंगलात. आधी एटापल्लीकडे, मग आलापल्ली, आता मुलचेरा. निवृत्तीला चौदा महिने उरलेले. राहायला कुठे क्वार्टर, कुठे नाक्यावरची खोली, कुठे नुसतंच छप्पर. आणि भागीरथाबाई लग्नापासून ब्रह्मपुरीजवळच्या गावात, दिराच्या घरी. सुरुवातीला सासू अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून. मग सासरा. मग पोरीची शाळा. मधली काही वर्षं तिकडे असा काळ होता की बायको-पोरं घेऊन जाणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. मग शेतातले धानाचे रोवणे, मग पोरीचं लग्न. एकही कारण खोटं नव्हतं. पण एक संपायचं तेव्हा दुसरं तयारच असायचं.

"लग्नाले सव्वीस वर्सं झाली," भागीरथाबाई एकदा मला म्हणाल्या. "सुट्ट्या सुट्ट्या धरून संगं राह्यलो, ते सारे दिवस जमवले तं तीन वर्सं नाई भरत."

मी त्यांना किचनचा ओटा दाखवला.

त्यांच्या ऐपतीत दोन घरं बसत होती. एक अजून बांधायचं होतं, त्याचा नमुना म्हणून मी तसंच एक तयार घर दाखवायचो. त्यात दोन बेडरूम, पण बेडरूम म्हणजे खाट टाकली की माणसाने आडवं होऊन शिरायचं. हॉल अरुंद. आणि त्या दुसऱ्या बेडरूमपायी मागची जागा गेलेली. मागचं दार उघडलं की थेट कंपाउंडची भिंत. दुसऱ्या घरात बेडरूम एकच, पण मोठी, आणि मागे सांदवाडी. आमच्याकडे घरामागच्या मोकळ्या जागेला सांदवाडी म्हणतात. तिथे भांडी घासायची, तिथे वालाचा वेल चढवायचा, तिथेच दुपारी बसून शेजारणीला काय झालं ते विचारायचं. आमच्या शेठचा आर्किटेक्ट नागपूरचा. त्याने नकाशात त्या जागेला 'युटिलिटी' लिहिलं होतं.

मी मनातल्या मनात सोमाजींना सांदवाडीवालं घर देऊनही टाकलं होतं. जन्म जंगलात काढलेला माणूस, त्याला मोकळी जागा नको तर काय हवं? भागीरथाबाई तर त्या जागेत नुसत्या उभ्या राहिल्या तरी चेहरा बदलायचा. एका कोपऱ्याकडे बघून म्हणाल्या, "इथी कढीपत्ता." दुसऱ्याकडे बघून म्हणाल्या, "इथी काईच नाई. इथी बसाचं."

"दोन खोल्यावालं पाहिजे," सोमाजी म्हणाले.

"काऊन जी?" बाईंनी विचारलं.

"दिव्यानी येईन, जावई येईन. त्याइले काय वट्ट्यावर झोपवतं?"

दिव्यानी त्यांची मुलगी, वर्ध्याला दिलेली. वर्षातून दोनदा यायची. त्यातही जावई दारातून गाडी वळवून निघून जायचा, हे बाईंनीच मला सांगितलं होतं. पण त्या सांदवाडीतून निघून पुढच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

सोमाजी चार वेळा येऊन गेले. दर वेळी मुलचेऱ्याहून पाच तासांचा प्रवास, दोन गाड्या बदलून. प्रत्येक वेळी त्यांनी नमुन्याचं घर नव्याने तपासलं, आणि दर वेळी माझी फजिती झाली. दार वाजवून म्हणाले, "हे साग नोहे. सागाचं सालटं चिटकवलं आहे." मी म्हणालो, भाऊ, सगळीकडे असंच असतं. "सगळीकडे नसते. आलापल्लीले ये, दाखवतो साग कशाले म्हंते." मग हॉलच्या मधोमध उभे राहून त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "इथून मागचं दार दिसत नाई." मी विचारलं, मागच्या दाराने कोण येणार आहे? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू या पोट्ट्याला दोन दिवस जंगलात सोडून द्यावं. स्वयंपाकघरात दोघं एकदम उभी राहिली तेव्हा वळायला जागाच नव्हती. एकाला बाहेर यावं लागलं, तेव्हा दुसऱ्याला वळता आलं. "चालते," सोमाजी म्हणाले. संडासाचं दार जेवायच्या जागेसमोर उघडत होतं. "चालते." हॉलमधे दिवाण टाकला तर टीव्हीला भिंत उरत नव्हती. "टीव्ही कोन पाह्यते?"

सगळं चालत होतं. दोन खोल्या तेवढ्या पाहिजेत.

चौथ्या वेळी भागीरथाबाई सांदवाडीवाल्या घराकडे गेल्याच नाहीत. "त्याइच्या मनासारखं होऊ द्या," मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "एवढ्या वर्सानं मानूस घरी येऊन राह्यला. त्याले पाहिजे तसं पाहिजे." सांदवाडीवालं घर पुढच्याच आठवड्यात एका मास्तरांनी घेतलं.

जानेवारी अखेरीस त्यांच्या घराचा स्लॅब टाकून बाहेरच्या भिंती झाल्या होत्या. आतली, दोन खोल्यांमधली चार इंची भिंत तेवढी राहिलेली. सोमाजींना कळवलं. ते एका दिवसाच्या सुट्टीवर आले, गावाहून भागीरथाबाई आल्या. बाईंनी फडक्यात बांधून भाकरी आणि वालाची भाजी आणली होती. खुशाल मिस्त्रीने त्या भिंतीचे दोन थर लावले होते आणि तिसऱ्यासाठी सिमेंटचा माल पसरत होता.

सोमाजी पुढच्या खोलीत उभे राहिले आणि पहिल्यांदाच खुशीत येऊन बोलायला लागले. "माही खाट इथी. दाराजवळ. इथून रस्ता दिसते." मग दोन थरांवरून पाय टाकून पलीकडे गेले. "आन् तुही इथी. खिडकी आहे तुले."

भागीरथाबाई ऐकत होत्या. "दिव्यानी आली तं?" त्यांनी विचारलं.

"आली तं तुह्यापाशी झोपन."

"आन् जावई?"

"थो कवा राह्यते?"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मला लक्षात आलं. खुशाल मिस्त्रीचाही थापीवाला हात थांबला, म्हणजे त्यालाही आलंच. बाई त्या दोन थरांवर बसल्या. ओल्या मालावरच.

"बाई, माल ओला आहे," खुशाल म्हणाला.

"असू दे." मग नवऱ्याकडे न बघता, "म्हंजे खोल्या पाव्हण्यासाठी नोहे."

सोमाजी खिडकीशी गेले. खिडकीला अजून चौकट नव्हती, नुसतं भोक होतं. त्यातून बाहेर बघत ते बोलले, आणि मी ऐकतोय हे ते बहुतेक विसरले होते.

"माह्यासंगं कोनी झोपू शकत नाई, भागीरथा. मी चारले उठतो. रातच्याला तीन-चारदा उठून बाहेर बॅटरी मारतो, सवयच तशी. झोपेत बरळतो. एकडाव तं नुसताच उठून काठी घेऊन उभा राह्यलो म्हंते. नाक्यावरचे पोट्टे माह्या खोलीत झोपत नाई. बाहेर झोपते, डास खाते, पन माह्यापाशी नाई."

"सुट्टीत येता तवा?"

"तवा मी झोपतच नाई. पडून राह्यतो. दोन रातीचा तं प्रश्न राह्यते." ते थांबले. "आता दोन रातीचा नाई ना."

मला खरं तर बाहेर जायला हवं होतं. पण दारात खुशाल मालाचं घमेलं ठेवून बसला होता, आणि घमेलं ओलांडायची ती वेळ नव्हती.

भागीरथाबाईंनी भाकरीच्या फडक्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाल्या, "सव्वीस वर्सं कोनी माही झोपमोड नाई केली. बाजूच्या खोलीत दीर घोरते, जाऊ त्याले शिव्या देते. भिंतीपलीकडून ऐकाचं. मले वाटे, आपल्यालेबी एखाद्याले म्हनता आलं पाहिजे, सरका तिकडं. पन म्हनाले कोनी नाई. झोपमोड नाई तेच तं माहं दुखनं होय."

सोमाजींनी मान वळवली नाही.

"ही भिंत नका बांधू," बाई म्हणाल्या.

"चार दिवसात तूच म्हनशीन, बांध."

"मंग तवा बांधू. इटा कुठी पळून जाते का?"

"साहेब," खुशाल म्हणाला. माणूस भला आहे, पण त्याला वेळेचं भान नाही. "माल सुकून राह्यला. बांधू का तोडू?"

खुशालने माझ्याकडे बघितलं, मी शेठला फोन लावला. शेठ पलीकडून ओरडले, "अरे, एकच मोठी खोली पाहिजे होती तं सांदवाडीवालं काऊन नाई घेतलं? तेच तं होतं ते!" फोनचा आवाज मोठा होता आणि खोली रिकामी. सगळ्यांना ऐकू गेलं.

सोमाजी तेव्हा वळले. बायकोकडे बघितलं, मग उघड्या दारातून पलीकडच्या रांगेत, जिथे मास्तरांच्या बायकोने सांदवाडीत दोरी बांधून साड्या वाळत घातल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, हा माणूस आत्ता जाऊन मास्तरांच्या हातापाया पडतो.

"तू बोलली काऊन नाई?"

"तुमाले दोन खोल्या पाह्यजे होत्या."

"अवो, पन मले..." पुढचं त्यांना जमलं नाही. एकतीस वर्षांत त्यांनी अस्वलाला हाकलल्याचे, लाकूडचोराला नाल्यात धरल्याचे किस्से मला सांगितले होते. हे एक वाक्य काही पूर्ण झालं नाही.

"तोड," ते खुशालला म्हणाले.

खुशालने दोन थर उचकटले, विटा एका कोपऱ्यात रचल्या, झाडून घेतलं. खोली एकदम मोठी झाली. इतकी की दोघं तिच्यात पाव्हण्यासारखी उभी राहिली, कुठल्या कोपऱ्यात बसावं ते न कळून. शेवटी मधोमध बसून जेवली. मलाही भाकरी दिली. मी म्हणालो, "बाई, हॉल अरुंद, किचन अरुंद, आन् झोपाची खोली क्रिकेटचं ग्राउंड. असं घर अख्ख्या लेआउटात नाई."

"तुही बायको आली की समजन," बाई म्हणाल्या.

जेवण झाल्यावर खाट कुठे येते ते बघायला सोमाजींनी सिमेंटच्या रिकाम्या थैल्या अंथरल्या आणि त्यावर आडवे झाले. "खाट सहा फुटाची," म्हणाले, "मंग डोकं इथी येते, पाय..." आणि पाय कुठे येतात ते सांगायच्या आत त्यांचा डोळा लागला. रात्रभर ड्युटी करून पहाटेच्या गाडीने निघालेला माणूस तो.

मी बाहेर फोनवर होतो. दोनची गडचिरोली गाडी लागायची वेळ झाली म्हणून सांगायला आत गेलो, तर भागीरथाबाईंनी हातानेच मला दारात थांबवलं. त्या थैल्यांच्या कडेला, भिंतीला टेकून बसल्या होत्या. काही करत नव्हत्या. मग उठल्या, पाय न वाजवता बाहेर आल्या आणि खुशालला म्हणाल्या, "भाऊ, अर्धा घंटा ठोकठाक बंद ठेवसान का?"

"बाई, पाच मजूर लावले आहो मी."

"त्याइले चहा पाजा."

खुशालने माझ्याकडे बघितलं. मी कुठलातरी सरकारी कागद आठवल्यासारखा चेहरा केला. काँक्रीटचा मिक्सर बंद झाला. पाच मजूर सावलीत बसून तंबाखू मळायला लागले. आरमोरी रोडवरून गाडी आली, थांब्यावर हॉर्न दिला आणि गेली.

वीसेक मिनिटांनी सोमाजी आपणहून दचकून उठले. घड्याळ बघितलं. "उठवलं काऊन नाई? संध्याकाळी हजेरी आहे माही! पंधरा फेब्रुवारीपासून आगीची ड्युटी, एक दिवस वरखाली झाला तं साहेब..."

"जीप सापडन," बाई शांतपणे म्हणाल्या. "आरमोरीच्या जीपा जाऊन राह्यल्या दर अर्ध्या घंट्यानं."

ते शर्टावरचं सिमेंट झटकत निघाले. रस्त्यापर्यंत मी सोडायला गेलो. जीपमधे आधीच अकरा माणसं होती, सोमाजी मागे फळीला धरून उभे राहिले. जाता जाता मला म्हणाले, "कंपाउंडची भिंत फूटभर मागं सरकन का रे, बाबू? एक वेल लावता येईन एवढी?"

"नाई सरकत, भाऊ. मागं दुसऱ्याचा प्लॉट आहे."

"विचारून पाहाजो," ते म्हणाले, आणि जीप गेली.

मी परत आलो तेव्हा मिक्सर सुरू झाला होता. भागीरथाबाई थैल्यांची घडी घालत होत्या. घरच्या सतरंजीची घालावी तशी, कोपऱ्याला कोपरा लावून.

"आता कवा येतीन?" मी विचारलं.

"आता जंगल जळते. पाणी पडल्याशिवाय सुट्टी नाई." त्यांनी घडी खिडकीच्या भोकात ठेवली, पुन्हा काढली, कोपऱ्यातल्या विटांवर ठेवली. "तुमी दारात होते ना, बाबू? बरळले का जी ते? मले तं काई ऐकू नाई आलं."

"नाई, बाई. घोरत होते थोडे."

"हाव," त्या म्हणाल्या. "ते मीबी आयकलं."