वरून आलेला नकार

आयर्लंडमधील समस्त मराठी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, "एड्रियाटिकच्या काठची जुनी शहरं मी डोळे मिटून फिरवून आणते," हे डब्लिनजवळच्या सिटीवेस्टच्या हॉलमध्ये सहलीच्या मीटिंगला माईकवरून केलेले विधान मी याद्वारे मागे घेत आहे. ज्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या, त्यांनी त्या परत घेतल्या तरी माझी हरकत नाही. डोळे मी खरोखरच मिटले होते. घोळ तिथेच झाला.

२०११ची गोष्ट. निघायला नऊ दिवस होते. आमच्या घरातल्या सर्वांत छोट्या खोलीत माझं सहलींचं ऑफिस होतं आणि तिथल्या पलंगावर अकरा पासपोर्ट ओळीने मांडलेले होते. मी शेवटची तपासणी करत होते. नऊ पासपोर्ट झाले. दहावा वॉटरफोर्डला मुलीकडे आलेल्या आप्पांचा. पानं उलटताना आयर्लंडच्या व्हिसाचं स्टिकर समोर आलं. त्यावर एक शब्द छापलेला होता. सिंगल.

अकरावा त्यांच्या बायकोचा, काकूंचा. तिथेही सिंगल.

मी पलंगावर बसले. दोन-तीन पासपोर्टांवरच बसले.

आता हा शब्द काय प्रकरण आहे ते सांगते. सिंगल एंट्रीचा व्हिसा म्हणजे नाटकाचं तिकीट. एकदा आत गेलात की तिकीट फाटलं. मध्यंतरात बाहेर वडा खायला गेलात तर पुन्हा आत घेणार नाहीत. आमच्यासारखे इथे नोकरीधंद्याला राहणारे लोक बाहेर जाताना इमिग्रेशनचं कार्ड आणि री-एंट्री व्हिसा जवळ ठेवतात. पण मुलांकडे तीन महिन्यांसाठी येणारे आईवडील बहुधा सिंगलवर येतात. ते एकदा आयर्लंडबाहेर पडले की परतीचं दार बंद.

आणि हे मला माहीत नव्हतं असं नाही. उलट हाच नियम मी हॉलमध्ये लाटणं हातात घेऊन समजावला होता! लाटणं अशासाठी, की नकाशा दाखवायची काठी घरी राहिली होती. डुब्रोवनिकहून स्प्लिटला रस्त्याने निघालं की मध्ये बोस्नियाची एक चिंचोळी पट्टी लागते. म्हणजे क्रोएशियातून बाहेर, बोस्नियात, पुन्हा क्रोएशियात. "एकदा बाहेर पडलात की तुमचा सिंगल व्हिसा संपला!" मी लाटणं त्या पट्टीवर आपटलं होतं. "म्हणून आपण बसने नाही, बोटीने जाणार. याला म्हणतात अनुभव!" टाळ्या त्याच वेळी पडल्या होत्या. एड्रियाटिक समुद्र मी तोवर फक्त ब्रोशरमध्ये पाहिला होता, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या देशाच्या नकाशातली चिंचोळी पट्टी मला दिसली. मी ज्या देशात राहत होते त्याचा दरवाजा दिसला नाही.

चूक कशी झाली तेही ऐका. माझा एक तक्ता असतो. प्रत्येक प्रवाशाच्या नावापुढे रकाने. इमिग्रेशन कार्ड, री-एंट्री, क्रोएशियाचा व्हिसा, विमा. आप्पा-काकू पाहुणे, त्यांना कार्ड नसतं. म्हणून कार्डाच्या रकान्यात मी लिहिलं, 'लागू नाही'. हात चालूच होता. री-एंट्रीच्या रकान्यातही लिहिलं, 'लागू नाही'. मग दोन्हींना हिरवा रंग दिला. क्रोएशियाच्या वकिलातीत मी त्यांचं डब्लिन-मुंबई तिकीट दाखवलं, त्यांनी व्हिसा दिला. त्यांचं काम तिथे संपलं. या दोघांना आयर्लंडमध्ये परत कसं आणायचं, हे बघणं माझं काम होतं.

मी हेल्पलाइनला फोन केला. बाई फार गोड होत्या. "नाही हो, इथे राहून बदलता येत नाही. भारतातून नवीन अर्ज करावा लागेल." मी पाच प्रकारे तोच प्रश्न विचारला, त्यांनी पाच वेळा तेच उत्तर दिलं.

"मग तिकडूनच मुंबईला पाठव," असं नवरा म्हणाला. ते जमणारं नव्हतं. आप्पा-काकू आयर्लंडला आले होते ते मुलीच्या बाळंतपणासाठी. मृणाल वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. तिची तारीख सहलीनंतर पाच आठवड्यांनी होती.

बरं, एखादी सहल हुकली तर आभाळ कोसळतं का? इतरांचं नसतं कोसळलं. आप्पांची गोष्ट वेगळी होती. आप्पा दाभोळकडचे, आयुष्यभर जहाजावर फिटर. लग्नानंतर चारच महिन्यांनी त्यांचं जहाज दुरुस्तीला स्प्लिटच्या गोदीत लागलं आणि दोन महिने तिथेच राहिलं. सुटीच्या दिवशी आप्पा पाण्याकाठच्या दगडी कट्ट्यावर बसत. तिथून त्यांनी काकूंना पत्र लिहिलं की गाव भारी आहे, एकदा तुला आणून दाखवीन. त्या पत्राला चाळीस वर्षं होत आली होती. हॉलमधल्या मीटिंगला ते खास वॉटरफोर्डहून आले होते. शेवटी उभे राहून त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "बाय, त्या कट्ट्यावर अर्धा तास बसायला मिळेल काय?"

"अर्धा काय, एक तास घ्या आप्पा!" मी म्हणाले होते. माईकवरून.

शनिवारी सकाळी वॉटरफोर्डला जायला मी गाडी काढली. वाटेत किलकेनीला थांबले, डेक्लनकडे. इथे सहली विकायला लायसन्स लागतं. ते त्याचं होतं, मी त्याच्या नावाखाली काम करत असे. साठीचा माणूस, छोटं दुकान, काचेवर उन्हाने फिकट झालेलं समुद्रकिनाऱ्याचं पोस्टर.

"किती जणांचं अडलं?" त्याने विचारलं.

"दोघांचं."

"चूक कुणाची?"

"सिस्टिमची."

डेक्लनने चहात दूध ओतलं. "सिस्टिम कोण चालवतं?"

"मी."

"मग ग्रँड! 'माझ्याकडून चुकलं' एवढंच सांगायचं. एक मिनिट लागतं. मी बऱ्याचदा सांगितलंय. पुढचा अर्धा तास फार वाईट जातो, पण ते मिनिट सोपं असतं."

किलकेनी ते वॉटरफोर्ड मी ते मिनिट पाठ केलं. आधी धीरगंभीर आवाजात. मग कातर आवाजात. एकदा तर रडून पाहिलं, चांगलं जमलं. आता एक कबुली. मृणालची त्या दिवशी ड्युटी आहे हे मला माहीत होतं. ती घरी नसतानाची वेळ मी मुद्दाम निवडली होती.

दार काकूंनी उघडलं. दाराशी पांढरे कॅनव्हासचे बूट, नवेकोरे.

"आलीस गो? बघ, मृणालने आणले. आणि हा जिना दिवसातून वीस वेळा चढते-उतरते मी. तू म्हणालीस ना, त्या तटबंदीला पायऱ्या फार आहेत म्हणून. आता दम लागत नाही. थांब, दाखवते." आणि साडीचा काठ उचलून त्या खरंच वर जाऊन खाली आल्या. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार?

मग घावनं आली. पातळ, जाळीदार, सोबत गुळाचा नारळरस. "डब्यातलं नारळाचं दूध हो, चालवून घे." मी एक खाल्लं. दुसरं खाल्लं. तिसरं पानात पडलं तेव्हा आप्पांनीच विचारलं, "काय बाय, कागद सगळे झाले ना?"

माझ्या तोंडात घास होता. पाठ केलेलं मिनिट घशातच होतं. आणि मी म्हणाले, "आप्पा, जरा वाईट बातमी आहे. तुमच्या दोघांचं… वरून नकार आलाय."

"वरून म्हणजे कुठून?"

"वरून. म्हणजे डिपार्टमेंटकडून. हल्ली फार कडक केलंय ना त्यांनी. मी खूप भांडले."

हे मी बोलले! 'खूप भांडले' हे तर कुणी विचारलंही नव्हतं. ते मी कामाची हौस म्हणून वर घातलं.

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हां. जहाजावर पण असंच. वरून हुकूम आला की आला. तू काय करणार?"

काकू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसल्या. थोड्या वेळाने उठल्या, आत गेल्या आणि रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या. "वाटेत खायला केले होते. बाकीच्यांना दे." आप्पांनी एका पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने नकाशा काढला. गोदीचं फाटक, वळण, कट्टा. "फोटो काढ तेवढा. अजून आहे का बघू."

मी निघाले. पुढचा अर्धा तास अजिबात वाईट गेला नाही. डेक्लनचं एवढंच चुकलं. माझा वाईट वेळ सहल निघाली त्या दिवशी सुरू झाला आणि आठवडाभर चालला.

सहल, तसं पाहिलं तर, झकास झाली. डुब्रोवनिकच्या तटबंदीवरून लाल कौलांची घरं आणि निळं पाणी दिसतं. लोकांनी महाबळेश्वरसारखे पॉइंट मोजले. "मॅडम, किती पॉइंट झाले? किती राहिले?" मी लाटण्याविना सगळं समजावत होते आणि दर पन्नास पायऱ्यांनी मला वॉटरफोर्डचा जिना आठवत होता. बोटीने स्प्लिटला गेलो. तिथे रोमन बादशहाचा राजवाडा आहे आणि त्यात माणसं राहतात. सतराशे वर्षांच्या भिंतीला दोरी बांधून कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. आमच्या मंडळींना बादशहापेक्षा त्या चादरी आवडल्या. ते खरेदीला पांगले आणि मी पाकीट घेऊन निघाले.

गोदीचं फाटक सापडलं. वळणही होतं तिथेच. चाळीस वर्षांनी, आठवणीतून काढलेला नकाशा एका पावलानेही चुकला नव्हता. माझा तक्ता, बसून, कॉम्प्युटरवर केलेला होता.

कट्ट्यावर मी एक तास बसले. हॉलमध्ये तेवढाच कबूल केला होता. लाडू खाववेना.

परत आल्यावर रविवारी लॅपटॉप घेऊन मी वॉटरफोर्डला गेले. या वेळी मृणाल घरी होती, सोफ्यावर, पाठीला दोन उशा लावून. मी फोटो लावले. कट्टा आला तसे आप्पा खुर्ची ओढून पुढे सरकले. "अगो, हाच! ह्या कडीजवळ बसायचो. पत्र इथेच लिहिलं." काकूंनी चष्मा पुसून पाहिलं. पुन्हा पुसला. मी अशी खूश झाले की विचारू नका. आपलं पाप फोटोत फिटलं, असंच वाटलं मला.

तेवढ्यात मृणाल म्हणाली, "ताई, मला त्या नकाराच्या पत्राची कॉपी द्याल? मी आमच्या टीडीला पत्र लिहून ठेवलंय, ते जोडून पाठवते."

टीडी म्हणजे इथला खासदार. घराच्या गळक्या पन्हाळीपासून सगळ्यासाठी लोक टीडीला लिहितात, आणि तो उत्तरही देतो.

"काय लिहिलंयस?"

"हेच, की दोन म्हाताऱ्या माणसांना कारण न देता अडवलं. ज्याने कुणी नाकारलं त्याचं नाव मला पाहिजे. आईने महिनाभर जिना चढलाय हो!"

नाव तर मला पाठ होतं.

मी लॅपटॉप मिटला. धीरगंभीर, कातर, रडवा, एकही आवाज आला नाही. आला तो माझा नेहमीचा, जरा चिरका. "पत्र नाहीये. नकार आलाच नव्हता. तुमचा इथला व्हिसा सिंगल होता आणि मी तो बघितलाच नाही. माझ्याकडून चुकलं. आणि मग मी खोटं बोलले."

एक मिनिटही लागलं नाही. डेक्लनचं हे मात्र खरं होतं.

मृणालने फोन उचलला, ते पत्र उघडलं आणि माझ्यासमोर पुसून टाकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून माझ्या तक्त्यात 'लागू नाही' हे उत्तर चालत नाही. रकान्यात काय ते पासपोर्ट उघडून, बोट ठेवून, वाचून लिहायचं. आणि गिऱ्हाइकाकडे वाईट बातमी घेऊन जाताना मी उपाशी जाते. आप्पा-काकू नातीचं बारसं करून मुंबईला गेले. स्प्लिट त्यांचं राहूनच गेलं. नंतर काकूंचे गुडघे गेले. त्यामुळे या गोष्टीचा शेवट मला काही करून गोड करता येत नाही.

पण त्या रविवारी, मृणालने फोन बाजूला ठेवल्यावर, आप्पा म्हणाले, "बाय, जहाजावरच्या माणसाला शिक्का वाचायची सवय असते. सिंगल लिहिलंय, ते मी विमानातच वाचलं होतं. म्हटलं, तू धंद्यातली, काहीतरी तजवीज केली असशील."

"म्हणजे… मी 'वरून' म्हणाले तेव्हाच तुम्हाला कळलं होतं?"

आप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. उत्तर काकूंच्या तोंडून निसटलं, खणखणीत, शेजारच्या आयरिश घरात ऐकू जाईल एवढं.

"मला पण कळलं होतं गो! पण तुझं तिसरं घावन चाललं होतं, म्हटलं, आधी खाऊ दे मेलीला, खरं काय, मागाहून पण बोलेल!"