सोंडे लागलेलं चित्र

आमच्या बाईंना टिकणाऱ्या वस्तूंचा राग होता. चित्रकलेचा वर्ग अमरावतीत, त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत. वर्ष संपलं की आम्ही आपापली चित्रं जमिनीवर पसरायची आणि कागद फाटेपर्यंत त्यांवर अनवाणी नाचायचं. कोणी एखादं लपवलं, की म्हणायच्या, "लोणचं घालून राहिली का वं त्याचं?"

गुडघा जाईपर्यंत बाई मंचावर नाचत. मग तरट, जुन्या साड्यांची जर, माती, धान्य असं काहीही फळीवर चिकटवून चित्रं करू लागल्या. शिकवतानाही आधी आमचे पाय बघत. "पाय झोपला तं हात काय करन?"

किल्ल्या, खिळे, टेम्पो ही व्यवस्था माझी. त्या लहानपणी जिथे नाचल्या, त्या अकोल्यात त्यांचं पहिलं प्रदर्शन ठरलं. त्यासाठी बाईंनी दोन वर्षं खपून ज्वारीच्या दाण्यांची माणसाएवढी नाचणारी बाई केली. बांधाबांध करताना पाहिलं, तर दाण्यांना सोंडे लागलेले, किडे आतून दाणे पोखरत होते. शेतकऱ्याच्या घरची मी. सोंडे बघून गप्प कशी बसणार? नाचून फाडणं पोरांसाठी. प्रदर्शनातलं चित्र वेगळं, असं मी धरून चालले. न विचारता औषध मारलं, वॉर्निशचे दोन हात दिले.

अकोल्यात पहिल्या सकाळी बाई चित्राखाली कशाबशा बसल्या आणि फरशीवरून तळहात फिरवला.

"दाने काहून नाही गळले?"

"बाई, सोंडे मारले मी. आता शंभर वर्षं काही होत नाही."

"नाच संपते वं सुनंदे. लोकं उठून घरी जातात. या ज्वारीच्या बाईचंबी तसंच होनार होतं, लोकांच्या डोळ्यासमोर. तुले कोनं सांगतलं होतं तिले जगवाले?"

सोंडे बाईंनीच सोडले होते. वर्गातल्या सगळ्या पोरींना ते ठाऊक होतं. मी मात्र इतक्या वर्षांत चित्रांबद्दल कधी काही विचारलंच नव्हतं, आणि बाईंनीही मला कधी काही सांगितलं नाही. किल्ल्या तेवढ्या दिल्या.

"घेऊन जा. हे तुहं आहे," त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात किल्ल्या परत मागवल्या, त्याही दुसऱ्या मुलीला पाठवून. त्यानंतर बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. दोन वर्षांनी गेल्या.

बाकीची सगळी चित्रं त्यांनी ठरवल्याप्रमाणे संपवली होती. त्यामुळे बाईंचं काम बघायला लोक माझ्याकडे येतात. मी त्यांना दिवाणखान्यातली ज्वारीची बाई दाखवते.

"किती छान जपलंय हो तुम्ही!" म्हणतात.