पाऊण तासाचं गाव

शिवणवाल्या काकूंचा जगात एकाच गोष्टीवर पुरता भरवसा होता, गळ्यातल्या टेपवर. "कंबर काही वाढली नाही हो माझी," असं गिऱ्हाईक म्हणालं की त्या नुसता टेप लावायच्या; पुढचं टेप बोलायचा. म्हणूनच लेकीचं गाव किती लांब, याचं सरळ उत्तर कुणालाच देता येईना, तेव्हा त्यांचं डोकं चालेनासं झालं.

"अडीचशे किलोमीटर," नवऱ्याने मोबाइलवरचा नकाशा दाखवला.

"मग जावईबापू तीन दिवस लागतात म्हणाले, ते?"

"ते रस्त्याने. डोंगराला वळसा, मग होडी, मग मिळेल ते वाहन. विमानाने पाऊण तास."

"म्हणजे जवळ की लांब?"

"जवळच गं. म्हणजे, लांब आहे, पण जवळ."

"अहो, धड एक काहीतरी बोला!"

लेकीचे दिवस भरत आले होते. तिला विमानात बसायची डॉक्टरांनी मनाई केली, म्हणून काकूच निघाल्या. बाळ यायच्या आत पोहोचायचं, बस्स. पहिलीच खेप, पोर घाबरलेली. फोनवर हसायची, पण ते हसू उसनं होतं, हे आईला कळल्याशिवाय राहतंय?

विमानतळाच्या टोकाला एक पत्र्याची खोली होती. तिथल्या काउंटरवरच्या मुलीने आधी पिशवी काट्यावर ठेवली, मग म्हणाली, "काकू, आता तुम्ही चढा."

"मी काय पार्सल आहे?"

"विमान लहान आहे ना. सगळ्यांनाच तोलतो."

काकू चढल्या. आकडा बघायची मात्र त्यांची छाती झाली नाही.

विमानात पाचसहा माणसं, मागे औषधांची खोकी आणि काकूंच्या मांडीवर दुपट्यांची पिशवी. पाऊण तास होत आला तशी खिडकीखाली पिंजलेल्या कापसासारखी पांढरी गादी पसरली. विमानाने एक गिरकी घेतली, मग दुसरी.

"धावपट्टी दिसत नाहीये!" पायलट ओरडला. "परत फिरतोय!"

"अहो, पण गाव आलं ना?"

"आलंय की! बरोबर खाली आहे!"

काकूंनी काचेला नाक लावलं. खाली ढगांशिवाय काही नव्हतं.

पुन्हा तीच पत्र्याची खोली, तीच मुलगी. "आलात काकू?"

"मी गेले होते का कुठे?" काकूंनी अगदी मनापासून विचारलं.

नवऱ्याचा फोन आला. "पोहोचलीस?"

"हो. म्हणजे नाही. जाऊन आले."

"मग तिला भेटलीस?"

"तिच्या डोक्यावर होते."

नवऱ्याने फोन ठेवला, तोच लेकीचा आला.

"आई, मघाशी विमान घरघरलं गं. दोनदा. मी भिंत धरत धरत बाहेर आले. तू होतीस ना त्यात?"

"होते गं."

"वाटलंच मला. मग आवाज लांब लांब गेला." या वेळी ती हसली नाही. "तू आत्ता आहेस कुठे?"

काकूंनी खोलीभर नजर फिरवली.

"जवळच," त्या म्हणाल्या. "इथेच आहे बाळा, जवळच."

फोन ठेवून, पिशवी पोटाशी धरून, त्या आपणहून काट्यावर चढल्या.

"काकू, ढग हटले नाहीत अजून," मुलगी म्हणाली. "आज हटतील की उद्या, कोण जाणे."

"असू दे. तू वजन लिहून ठेव."