दाखल्यावरची तारीख

आमच्या वर्ध्याच्या ऑफिसात पेन्शनच्या टेबलावरचा बाबू पेनाचं टोपण चावत फायली वाचायचा. पूर्वी शाळेत गुरुजी जन्मतारीख अंदाजाने एक जुलै लिहून टाकायचे. त्यापायी वेळेआधी निवृत्त होणारे त्याच्यापुढे रडायचे. मान वर न करता तो म्हणायचा, "दाखल्यावर आहे तेच खरं. आता बदलत नाई." मला त्याचा राग यायचा.

यंदा तीस जूनला तोही निवृत्त झाला. निरोपाला पवनारहून त्याची म्हातारी आई आली. साहेबांपुढे हात जोडून म्हणाली, "याले आताच काऊन घरी धाडून राह्यले? मास्तरनं वयात दोन वर्षं जास्त लिवली. हा दिवाळीले झाला. जलम म्या देल्ला ना!"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. टोपण चावत, मान खाली घालून तोच म्हणाला, "माय, दाखल्यावर आहे तेच खरं."