मागून मिळालेली जागा

अकरावीच्या वर्गाला मी 'प्रिकेरियस' हा इंग्रजी शब्द शिकवतो. मुले कोशातला अर्थ उतरवून घेतात: अस्थिर, डळमळीत. त्याचे लॅटिन मूळ परीक्षेत विचारत नाहीत, म्हणून ते कुणी ऐकतही नाही. याचना करून मिळालेले आणि देणाऱ्याची मर्जी फिरताच जाणारे, ते प्रिकेरियस. इंग्रज हा शब्द कड्यावरच्या घराला लावतो, आजाऱ्याच्या प्रकृतीला लावतो. मी तो दापोडीतल्या माझ्या शेजाऱ्याला, ज्योतीरामला लावतो.

ज्योतीराम पिंपरीकडच्या एका कारखान्यात बदली कामगार. रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे. कायम कामगारांपैकी कुणी आला नाही, तर मुकादम बोट दाखवून त्याच्या जागी एकाला आत घेई. उरलेले भाकरीचे फडके न सोडता घरी परतत. ज्योतीरामला बहुधा त्याच्या चुलतभावाची, भिमाजीची जागा मिळे, कारण भिमाजी छातीच्या दुखण्याने खंगत चालला होता. मुकादम हिंदुरावांनी शब्दही दिला होता, "भिमाजीचं काही बरंवाईट झालं तर कायम तूच. फक्त सकाळी फाटकाशी दिसला पाहिजेस."

१९५६च्या माघात भिमाजी चाकणजवळच्या गावी पहाटे वारला. सांगावा आला तेव्हा ज्योतीराम भाकरी बांधून कामावर निघालाच होता.

"आदी फाटकावर जावा," त्याची बायको रंभा म्हणाली. "माती दुपारपातूर थांबंल."

"भावकीतला खांदा मागं ऱ्हायला तर गावात तोंड कसं दावू?"

"आन् हितं पोरांना काय दावू?"

तो गावी गेला. भिमाजीची जागा फाटकाशी उभ्या असलेल्या तळेगावच्या सावळारामला मिळाली, तीही कायमची.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव त्याला म्हणाले, "मेल्याला खांदे चारच लागतात, भावा. सारा गाव सोडून तूच सापडलास व्हय?"

मी स्वतः व्यवस्थापकांना जाऊन भेटलो. पदवीधर गृहस्थ, चहाही विचारला. म्हणाले, "मास्तर, बदलीवाल्याचा जागेवर हक्क नसतो. आम्ही देतो म्हणून त्याला मिळते." आयुष्यभर मी जी व्याख्या फळ्यावर लिहीत आलो, ती इतक्या नेमकेपणाने माझ्या एकाही विद्यार्थ्याने दिली नव्हती.

ज्योतीराम अजून फाटकाशी उभा राहतो. आता तो सावळारामच्या गैरहजेरीची वाट पाहतो. सावळाराम मात्र कुणाच्या मातीला जात नाही.