मसुदा समितीचे अध्यक्ष बोलणार नाहीत

सव्वीस जानेवारीच्या त्या नाटुकल्याचा विषय निघाला तरी माझं डोकं अजून फिरतं. नवरा म्हणतो, सोड ना आता. का सोडू? ज्यांनी केलं ते दुसऱ्याच दिवशी विसरले, म्हणून मीही विसरायचं?

तेव्हा आम्ही सिंगापूरला, बुकित पंजांगमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. मी एका संशोधन संस्थेत पाणी शुद्ध करण्यावर काम करत होते, नवरा सॉफ्टवेअरमध्ये. मुलगी नऊ वर्षांची, तिथल्याच सरकारी शाळेत. घरात मराठी, बाहेर इंग्लिश, आणि चिडली की दोन्हींच्या शेवटी तिथल्या लोकांसारखं ‘लाह’. तिच्या कानावर मराठी पडावं, चार मराठी मैत्रिणी मिळाव्यात, म्हणून आम्ही पार पुंगोलपर्यंत एका मराठी ग्रुपमध्ये जायला लागलो. बहुतेक सगळी पुण्या-मुंबईची आयटीतली मंडळी. माणसं चांगली आहेत, असं मीच नागपूरला आईला फोनवर सांगायचे.

डिसेंबरच्या सुट्टीत ग्रुपमध्ये टूम निघाली की आपला देश प्रजासत्ताक कसा झाला हे मुलांना कळायला हवं, तर संविधान सभेवर नाटुकलं बसवू या. ज्यांच्या कॉन्डो सोसायटीच्या फंक्शन रूममध्ये कार्यक्रम व्हायचा होता, त्या वहिनींनीच ते बसवायला घेतलं. कोण काय होणार असं विचारल्यावर माझ्या मुलीने सगळ्यांच्या आधी हात वर केला. “ज्यांनी लिहिलं, ते मी.”

“कोटवाला रोल ना? घे की,” वहिनी म्हणाल्या.

कोटवाला. आमच्या घरी त्यांचा फोटो बुद्धाच्या शेजारी आहे. त्यांचं नुसतं नाव आमच्यात कोणी तोंडातून काढत नाही. माझी आई शाळेत गेली ती त्यांच्यामुळे, मी परदेशात प्रयोगशाळेत उभी आहे ती त्यांच्यामुळे. आणि ह्यांच्यासाठी कोटवाला रोल. तरी मी हसले, म्हटलं बोलण्याची पद्धत असते एकेकाची.

वहिनी म्हणाल्या, तुझ्या लेकीचं भाषण तूच लिही. मी लिहिलं. काम संपवताना त्यांनी देशाला जो इशारा दिला होता, तो मुलांना कळेल अशा चार ओळींत उतरवला. मत सगळ्यांचं सारखं झालं, आता माणूसही सारखा माना, नाहीतर एवढ्या कष्टाने उभं केलेलं हे घर टिकायचं नाही, असा काहीसा मजकूर. पोरीने तो आंघोळ करताना म्हटला, लिफ्टमध्ये म्हटला, आजीला व्हिडिओ कॉलवर म्हणून दाखवला. ‘विषमता’ शब्दाला जीभ अडखळायची, तर आरशासमोर उभी राहून तो शब्द घोटायची. लिटल इंडियातल्या शिंप्याकडून आम्ही तिला निळा कोट शिवून आणला. आजी तिकडे फोनवर डोळे पुसत होती.

जानेवारीच्या सुरुवातीला वहिनी कोट बघायला म्हणून घरी आल्या. सोफ्यावर बसणार, एवढ्यात भिंतीकडे लक्ष गेलं. थांबल्या. “अच्छा, म्हणजे तुम्ही... हो का. आडनावावरून लक्षात नाही आलं.” मग घर कसं छान ठेवलंय ते सांगून, घाई आहे म्हणून चहा न घेता निघाल्या. तोवर मला ‘अगं’ म्हणणारी बाई त्या दिवसापासून ‘तुम्ही’ म्हणायला लागली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे फोटो मी व्हॉट्सअॅपवर पाहिले. आम्ही हळदीकुंकू करत नाही, मला त्याची हौसही नाही. पण आपण न जाणं वेगळं आणि कोणी न बोलावणं वेगळं. तेही मी गिळलं.

पुढच्या तालमीला मुलीचं भाषण काढून टाकलेलं होतं. आता मसुदा समितीच्या अध्यक्षांनी पुठ्ठ्याचं संविधान हातात घेऊन यायचं, राष्ट्रपतींना द्यायचं आणि मागे जाऊन उभं राहायचं. राष्ट्रपती म्हणजे वहिनींचा मुलगा. ते पुस्तक उंच धरून तो सांगणार, हे सर्वांच्या मेहनतीचं फळ आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांसमोर विचारलं, भाषण का काढलं?

“अहो, पॉलिटिकल काही नको. आपण सगळे इथे वर्क पासवर आहोत. उद्या कोणी तक्रार केली तर?”

“कॉन्डोच्या खोलीत, मराठीतून, नऊ वर्षांच्या मुलीची तक्रार कोण करणार? गेटवरचे अंकल?”

शेजारच्याच टेबलावर यांचे नवरे, देशात कोणाचं सरकार यायला हवं यावर घसा फोडून भांडत होते. तिकडे निवडणुका आल्या होत्या. तिथे कुणाला पास आठवला नाही.

वहिनींचा आवाज एकदम गोड झाला. “तुम्ही फार मनाला लावून घेता हं. आम्ही जातबीत काही मानत नाही. सिंगापूरला आल्यावर कुठे राहिलंय ते?”

जातीचा शब्द मी काढलाच नव्हता. तो त्यांनी काढला. मी तसं तोंडावर सांगितलं. बाकीच्या बायका पावभाजीच्या प्लेटा भरण्यात गुंतल्या. एकीनेही मान वर केली नाही. राग मला वहिनींचा आला त्याहून जास्त त्या वाकलेल्या मानांचा आला, आणि आजही येतो.

मी मुलीला काढून घेणार होते. तिनेच रडून घर डोक्यावर घेतलं. मैत्रिणी सगळ्या आहेत, कोट शिवलाय, मला जायचंच आहे. “नेव्हर माइंड लाह आई, अजून कोट तर आहे.” नऊ वर्षांचं पोर आईची समजूत काढत होतं. शेवटी आम्ही गेलो.

कार्यक्रम झाला. निळ्या कोटात ती आली, संविधान दिलं, दोन पावलं मागे सरली आणि हात सरळ, मान ताठ अशी उभी राहिली. राष्ट्रपतींना टाळ्या पडल्या. माझ्या नवऱ्याने हातातला फोन खिशात ठेवून दिला, व्हिडिओ काढलाच नाही. आजीला काय पाठवायचं?

नंतर वहिनी बटाटेवड्यांची प्लेट घेऊन आल्या. “किती गुणी आहे हो तुमची. अजिबात चुळबुळ नाही, काय शिस्तीत उभी होती.”

“शिस्त कसली वहिनी? तुम्ही तिचं तोंड बंद केलंत,” मी म्हटलं. प्लेट घेतली नाही. त्या हसल्या आणि तीच प्लेट घेऊन पुढच्या माणसाकडे गेल्या. त्या ग्रुपमध्ये आम्ही पुन्हा पाऊल ठेवलं नाही. कोणी विचारलंही नाही.

घरी जाताना एलआरटीच्या ट्रेनमध्ये मी धुमसत बसले होते. मुलगी कोटाची बटणं लावत-काढत होती. मध्येच म्हणाली, “आई, मी बरोबर उभी राहिले ना? वहिनी-आंटीने कसं उभं राहायचं ते सांगितलंच नव्हतं. मग मी शाळेत उभी राहते तशी राहिले.”

“शाळेत कधी?”

“सकाळी. सगळे मूठ छातीवर ठेवून देशाची शपथ म्हणतात ना, तेव्हा. आम्ही फॉरेनर्स म्हणत नाही. टीचर म्हणते, तुमचा देश नाही तर म्हणायचं नाही, पण रिस्पेक्टने नीट उभं राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही.”

मी तिला जवळ ओढलं. “अगं, पण आज जे होतं ना, तो तुझाच देश होता.”

तिने माझ्याकडे पाहिलं.

“मग मला बोलू का नाही दिलं?”